हातात पाना घेतलेली पत्नी

‘मानवाच्या इतिहासात स्त्रीने जेवढा लांबचा पल्ला गाठला आहे, तेवढा अजून एकाही अवकाशयानाने गाठलेला नाही.’

पाणीपुरवठा खात्याच्या जुन्या पंपगृहाच्या दारावर हे वाक्य वीतभर अक्षरांत, जांभळ्या रंगात लिहिलेलं होतं. खाली त्याच रंगाचा एक बाण होता आणि बाणाखाली सूचना होती : ‘स्वच्छतागृह फक्त पुरुषांसाठी. महिलांचे स्वच्छतागृह दुरुस्तीसाठी बंद.’ एवढा पल्ला गाठून दमून आलेल्या स्त्रीने पुढे काय करायचं, याबद्दल खात्याने काहीच म्हटलेलं नव्हतं.

मोटरबाईंनी दोन्ही मजकूर नीट वाचले आणि मास्तरांना म्हणाल्या, “अकरा वर्षांपूर्वी मी रिटायर झाले तेव्हाही ते दुरुस्तीलाच होतं.”

मोटरबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण याच पंपगृहात एकतीस वर्षं आणि दोन महिने त्यांनी मोटर चालू केली, बंद केली, व्हॉल्व्ह फिरवले आणि अख्ख्या गावाला पाणी सोडलं, त्यामुळे गल्लीत त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारली तर त्या मागे वळूनही पाहत नसत. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. शाळेत चित्रकला शिकवून तेही निवृत्त झालेले. बायकोला मोटरबाई म्हणतात आणि आपल्याला नुसतंच मास्तर, याचं त्यांना वाईट वाटत नसे. वर्षातून दोनदाच वाटे.

पंपगृहाचं आता प्रदर्शनाचं दालन झालं होतं. नवं केंद्र शेजारी उभं राहिलं, तिथे सगळं आपोआप चालतं म्हणे, आणि जुन्या इमारतीत खात्याने ‘स्त्री आणि पाणी : युगायुगांची वाटचाल’ हे प्रदर्शन भरवलं. पहिल्या फलकावर गुहेतली बाई नदीवर पाणी भरत होती. गुहेत राहूनही तिचा भांग सरळ होता. दुसऱ्यावर विहिरीवरची बाई, तिसऱ्यावर नळावरची, चौथ्यावर कपडे धुण्याच्या यंत्राचं बटण दाबून हसणारी.

“चित्रं बरी आहेत,” मास्तर म्हणाले. “त्या नदीवरच्या बाईचा डावा हात जरा लांब झालाय.”

“सगळ्या घेणाऱ्याच आहेत,” मोटरबाई म्हणाल्या.

“म्हणजे?”

“दहा हजार वर्षं बाई नुसती पाणी घेतेच आहे. सोडतंय कोण? ते कुठल्याच चित्रात नाही.”

मास्तर पुढच्या फलकाकडे सरकले आणि तिथेच थबकले. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“अगं,” ते हळूच म्हणाले, “तू आहेस.”

होत्या खऱ्या. दारापेक्षा मोठा फोटो. डावीकडे त्या काळचे मुख्य अभियंता साहेब, हात मागे बांधून, रुबाबात. उजवीकडे मोटरबाई, तिशीतल्या, बाह्या वर सरसावलेल्या, उजव्या हातात अठरा इंची पाना. मोटरबाईंना तो दिवस लख्ख आठवत होता. नवी मोटर बसवली होती आणि ती कशी सुरू करायची हे त्या साहेबांना समजावून सांगत होत्या. साहेबांचे हात मागे होते, कारण दोन मिनिटांपूर्वी त्यांनीच साहेबांना सांगितलं होतं, “कशालाही हात लावू नका.”

फोटोखाली सुबक अक्षरांत छापलं होतं : ‘मुख्य अभियंता साहेब व त्यांच्या सुविद्य पत्नी, पंपगृहास सदिच्छा भेट देताना.’

मोटरबाईंनी त्या ओळीवरून बोट फिरवलं.

“सुविद्य म्हटलंय,” अखेर मास्तर म्हणाले. बुडत्या माणसाने लाकूड शोधावं तसे ते त्या ओळीत काहीतरी चांगलं शोधत होते.

मोटरबाई सातवी पास होत्या. पण त्या क्षणी त्यांच्या अंगाचा जो तिळपापड झाला, त्याचा शिक्षणाशी संबंध नव्हता.

दालनाच्या दाराशी प्रदर्शनाची व्यवस्था पाहणारी अधिकारी बसली होती. पंचविशीतली, हुशार, गळ्यात ओळखपत्र. दारावरचं अवकाशयानही तिनेच सोडलं होतं.

“तो फोटो माझा आहे,” मोटरबाई म्हणाल्या.

“हो का आजी? तुमच्याकडून आलाय का तो? किती जपून ठेवलाय!”

“माझ्याकडून नाही. माझा. त्या मी आहे.”

मुलगी ताडकन उभी राहिली. “अय्या! तुम्ही साहेबांच्या मिसेस?”

“नाही!” हे मास्तर म्हणाले. वर्गातसुद्धा इतक्या मोठ्या आवाजात ते कधी बोलले नव्हते. गुहेतल्या बाईपाशी उभी असलेली दोन माणसं मागे वळून पाहू लागली.

मोटरबाईंनी सगळं सांगितलं. मुलीने मनापासून ऐकलं, दोनदा “किती इन्स्पायरिंग!” म्हणाली आणि शेवटी अभिप्रायाची वही पुढे सरकवली. “आजी, तुम्ही हे यात लिहा ना. आम्ही प्रत्येक अभिप्राय वाचतो.”

मोटरबाईंनी दीड पान लिहिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं : ‘आपणांस प्रदर्शन आवडले हे वाचून खात्यास आनंद झाला.’

एव्हाना बातमी गल्लीत पसरली होती. गल्लीत बातमी पसरते तेव्हा तिच्यातलं मधलं काहीतरी गळून पडतं. ‘मोटरबाईंचा फोटो साहेबांची बायको म्हणून चुकून लावलाय’ या बातमीतलं ‘चुकून’ तेवढं गळालं. मास्तर केस कापायला गेले, तर न्हाव्याने दोन मिनिटं जास्त डोकं चोळून दिलं. एवढी सहानुभूती मास्तरांना त्यांची आई गेली तेव्हाही मिळाली नव्हती.

वरच्या मजल्यावरच्या वहिनी खास भेटायला आल्या. “मी काय म्हणते, मोटरबाई, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? साहेबांचीच बायको म्हटलंय ना? शिपायाची म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी.”

“मी शिपायाची बायको असते तरी मला चाललं असतं,” मोटरबाई म्हणाल्या, “पण असते तर. मी तिथे कोणाची बायको म्हणून उभी नव्हते. मी ड्यूटीवर होते.”

“ते खरं हो. पण फोटोत छान दिसताय. मला कोणी राष्ट्रपतींची बायको म्हणून लावलं तर मी तक्रार करायची नाही.”

“आणि तुमच्या ह्यांनी केली तर?”

“ते कशाला करतील? त्यांना फोटोत मी ओळखू यायला हवी ना!”

समोरच्या दारातले निवृत्त पोस्टमास्तर मात्र गंभीरपणे म्हणाले, “रजिस्टर पत्र पाठवा. पोचपावतीसह. जगातलं कुठलंही काम पोचपावतीशिवाय होत नाही.” आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची पत्रं पोचवली होती, त्यांना स्वतःला पत्र येत नसे, हा भाग वेगळा.

मोटरबाईंनी रजिस्टर पत्र पाठवलं नाही. त्या स्वतः गेल्या. मुख्य कार्यालयात दुसऱ्या मजल्यावर हेडक्लार्क बसत. सभ्य गृहस्थ. त्यांच्या टेबलावर एकही कागद इकडचा तिकडे नव्हता, कारण एकही कागद तिथून कुठे जात नसे.

“मॅडम, फोटोखालची ओळ बदलायची तर तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतील,” ते म्हणाले. “एक, फोटोतल्या बाई तुम्हीच. दोन, तुम्ही पंपगृहात नोकरीला होतात. तीन, तुम्ही साहेबांच्या पत्नी नाही.”

“तिसरं कसं सिद्ध करू?”

“तेच म्हणतो. असल्याचा दाखला मिळतो. नसल्याचा फॉर्मच नाही आपल्याकडे.”

“हे माझे यजमान,” मोटरबाईंनी मास्तरांना पुढे केलं. “लग्नाचा दाखला आणलाय.”

हेडक्लार्कने दाखला पाहिला, मास्तरांना पाहिलं, पुन्हा दाखला पाहिला. “याने एवढंच सिद्ध होतं की तुम्ही यांच्या पत्नी आहात. साहेबांच्या नाही हे यात कुठे लिहिलंय?”

मास्तर खुर्चीत बसले.

“आणि फोटोत माझ्या हातात काय आहे ते पाहिलंत का?” मोटरबाईंनी विचारलं. “अठरा इंची पाना. साहेबांची बायको सदिच्छा भेटीला पाना घेऊन येईल?”

“काय सांगावं,” हेडक्लार्क म्हणाले आणि का कोण जाणे, क्षणभर खिडकीबाहेर पाहत राहिले. “असतात तशा.”

मग त्यांनी नोकरीचं रजिस्टर काढलं. फार जुनं, पानं कडेने कुरतडलेली. पंपगृहाचं पान निघालं. वरती छापील अक्षरांत पद : ‘पंपचालक (पुरुष)’. खाली एकामागून एक वर्षं आणि प्रत्येक वर्षासमोर एकच शब्द : ‘रिक्त’. रिक्त, रिक्त, रिक्त. एकतीस वेळा.

“हे काय?”

“तुम्हाला घेतलं तेव्हाचा हुकूम आठवतो का?”

आठवत होता. मोटरबाईंच्या कपाटात तो अजून होता. ‘योग्य पुरुष उमेदवार मिळेपर्यंत तात्पुरती व्यवस्था.’ योग्य पुरुष उमेदवार एकतीस वर्षं मिळाला नाही. मिळाला नाही म्हणजे, खात्याने शोधला नाही, कारण मोटर चालत होती.

“म्हणजे कागदोपत्री जागा रिकामीच होती,” हेडक्लार्क म्हणाले. त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, फक्त कागदावरची श्रद्धा होती.

“मग एकतीस वर्षं गावाला पाणी कोणी पाजलं? रिकाम्या जागेने?”

“कागदोपत्री, हो.”

मोटरबाई जिना उतरल्या. घरी आल्यावर त्यांनी भाकरीचं पीठ असं काही तिंबलं की मास्तरांनी ताटलीतली भाकरी निमूटपणे संपवली आणि मीठ कमी असल्याचा विषयही काढला नाही.

तरी त्या भेटीचा परिणाम झाला. चार दिवसांनी फोटोखालच्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवलेली दिसली : ‘मुख्य अभियंता साहेब व इतर.’

“इतर!” आता मास्तरच भडकले. “आधी निदान बायको तरी होतीस! आता इतर झालीस! माझी बायको इतर?”

“तुम्ही शांत व्हा,” मोटरबाई म्हणाल्या. “आपल्याला आता खऱ्या बायकोकडे जायला हवं.”

साहेब जाऊन सात वर्षं झाली होती. त्यांच्या पत्नी गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, गणिताच्या. दार उघडल्यावर त्यांनी मास्तरांना आधी पायपुसण्यावर नीट पाय पुसायला लावले आणि मगच येण्याचं कारण विचारलं.

प्रदर्शनाच्या बातमीसोबत तो फोटो वर्तमानपत्रातही आला होता, ते कात्रण मोटरबाईंनी पुढे ठेवलं. मुख्याध्यापिकाबाईंनी भिंग आणलं. बराच वेळ पाहिलं.

“ही मी?”

“असं खात्याचं म्हणणं आहे.”

“मी त्या पंपगृहात आयुष्यात पाऊल टाकलेलं नाही. वेळ कुठे होता मला? सकाळी सातला शाळा, सहाशे मुली, संध्याकाळी पेपर तपासायचे.” त्यांचा आवाज हळूहळू वर जाऊ लागला. “आणि सुविद्य! किती शिकले मी, हे त्यांना माहीत तरी आहे का? ह्यांचे मित्र घरी यायचे तेव्हा चहा कसा छान झालाय म्हणायचे. ती उत्तरेकडची पाइपलाइन आहे ना, तिचा उतार किती ठेवायचा, दाब किती लागेल, हे सगळं गणित त्या टेबलावर मी केलंय. ह्यांना दशांश चिन्ह कधी जागेवर ठेवता आलं नाही. देवमाणूस, पण दशांश नाही.”

“मग तुमचं नाव कुठे आहे?” मोटरबाईंनी विचारलं.

“कुठेच नाही. निदान बायको म्हणून तरी फोटोत असेन असं वाटलं होतं, तर तिथे तुम्ही आहात!”

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. एकीला नको असलेली जागा मिळाली होती आणि दुसरीला हक्काचीही मिळाली नव्हती. मग मुख्याध्यापिकाबाई एकदम हसल्या आणि मोटरबाईही. मास्तर हसले नाहीत. त्यांना हे नक्की कशाबद्दल आहे ते कळलं नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती.

दाखला तिथल्या तिथे लिहिला गेला. ‘प्रमाणित करण्यात येते की सदर फोटोतील बाई माझ्या दिवंगत पतींच्या पत्नी नव्हत्या. असत्या तर ते मला कळले असते.’ लिहून झाल्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी थोडा विचार केला आणि शेवटी जोडलं, ‘अशी माझी समजूत आहे.’

दाखला घेऊन तिघंही कार्यालयात गेली. हेडक्लार्कने तो तीनदा वाचला, नसल्याचा असा नमुनेदार दाखला आपण सेवेत प्रथमच पाहतो आहोत असं कबूल केलं आणि फाइल पुढे सरकवली. दोन दिवसांनी पट्टीवर नवी पट्टी आली : ‘मुख्य अभियंता साहेब व एक लाभार्थी महिला.’

“लाभार्थी!” मोटरबाई कडाडल्या. “मी लाभार्थी? लाभ कुणाला झाला? भांडंभर पाणी मी कधी रांगेत उभं राहून घेतलं नाही, मीच सोडायची!”

आता संचालकांकडेच जायचं ठरलं. संचालक नवीन होते, तरुण होते, नम्र होते आणि एकही वाक्य पूर्ण ऐकून घेत नव्हते. “मावशी, तुमच्या भावना मी समजू शकतो,” ते म्हणाले, “पण इतिहास असा एका माणसाच्या सांगण्यावरून…”

“दोन माणसांच्या,” मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

“अडीच,” मास्तर हळूच म्हणाले.

“चला, आपण जागेवरच पाहू,” संचालक म्हणाले, कारण त्यांना त्या दिवशी तसंही प्रदर्शनातच जायचं होतं. तिथे कोणी परदेशी पाहुणे पाहणीला यायचे होते. अशा रीतीने सगळी वरात जुन्या पंपगृहात आली. जांभळ्या अक्षरांची मुलगी स्वागताला होतीच, पाहुणेही येऊन पोचले होते.

दालनाच्या मधोमध जुन्या मुख्य व्हॉल्व्हचं चाक होतं, माणसाच्या छातीएवढं, नवा काळा रंग दिलेलं. भोवती लाल दोरी. बाजूला फलक : ‘हा व्हॉल्व्ह फिरवण्यास दोन सशक्त पुरुष लागत.’

मोटरबाई तिथे थांबल्या. आजवर जे झालं ते एकीकडे आणि हा फलक एकीकडे.

“दोन पुरुष?” त्या म्हणाल्या. “कुठले दोन पुरुष? नावं सांगा मला त्यांची.”

“तसं म्हणायची पद्धत आहे, मावशी,” संचालक म्हणाले.

“मी फिरवायची. एकटी. रोज पहाटे. बासष्ट फेरे.”

“आज फिरवून दाखवाल?” संचालक हसत म्हणाले. मागे वळून त्यांनी पाहुण्यांकडेही एक हास्य टाकलं. दुसऱ्याच्या म्हातारपणाची चेष्टा करायला माणसाला फार धैर्य लागत नाही.

मोटरबाईंनी लाल दोरी बाजूला केली. चाकाला हात लावला, कान लावला, मग वाकून खालच्या नळाला तळहात लावून पाहिला. “साहेब, ही लाइन चालू आहे.”

“ही लाइन बंद होऊन सहा वर्षं झाली. कागदावर तशी नोंद आहे.”

“कागदावर मीही नव्हते,” मोटरबाई म्हणाल्या. “पाणी आहे आत. थंड लागतंय. फिरवला तर येईल.”

“मावशी, होत नसेल तर तसं सांगा ना. त्यात लाजण्यासारखं काय आहे?”

“शिवाय तुमच्या सुतारांनी तो गुहेतल्या बाईचा फलक लटकवायला नळाच्या वरच्या जोडाचे दोन नट काढलेत, तेही सांगून ठेवते.”

“फिरवा हो, फिरवा,” संचालक म्हणाले.

तीनदा सांगून झालं होतं. चौथ्यांदा सांगायला मोटरबाई काही संत नव्हत्या. त्यांनी बाह्या वर सरसावल्या, पाय जरा फाकवले आणि चाक फिरवायला सुरुवात केली. पहिले सात फेरे जड गेले. मग सूर सापडला. मुख्याध्यापिकाबाई मोठ्याने मोजू लागल्या. वीस झाले तेव्हा जमिनीखालून घरघर आली. चाळीस झाले तेव्हा भिंत गुणगुणू लागली. पंचेचाळीसला संचालक म्हणाले, “बास, बास, पटलं!” पण मुख्याध्यापिकाबाईंनी उदाहरण अर्धवट सोडायला कोणालाच कधी परवानगी दिलेली नव्हती. “सेहेचाळीस,” त्या म्हणाल्या.

बासष्टाव्या फेऱ्याला वरच्या जोडातून पाणी सुटलं. आधी गुहेतल्या बाईच्या भांगावर. मग विहिरीवरच्या बाईवर, मग नळावरच्या, मग यंत्रावरच्या. दहा हजार वर्षांची स्त्री दोन मिनिटांत चिंब झाली. संचालक खुर्चीवर चढले. पाहुणे टेबलावर चढले. अभिप्रायाची वही पोहत दाराबाहेर गेली.

“बंद करा! बंद करा!”

“एकदम बंद करता येत नाही,” घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून मोटरबाई शांतपणे म्हणाल्या. “गचकन बंद केला तर दाबाने पुढचे नळ फुटतात. वीस मिनिटं लागतात. हळूहळू. हे काम शिकलेल्या माणसाला माहीत असतं.”

आणि त्यांनी वीस मिनिटं लावली. एक सेकंदही कमी नाही. संचालक तेवढा वेळ खुर्चीवर उभे होते, हात मागे बांधून, कारण खाली कशालाही हात लावू नका असं त्यांना बजावण्यात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मोटरबाईंच्या घरी पोचपावतीचं पत्र आलं. समोरचे पोस्टमास्तर आनंदाने पोस्टमनला हाताला धरून स्वतः दारापर्यंत घेऊन आले. नोटीस होती. ‘आपण, या खात्याच्या माजी पंपचालक, यांनी दिनांक अमुक रोजी मुख्य व्हॉल्व्ह विनापरवानगी पूर्ण उघडून खात्याचे नुकसान केले, याबद्दल आपणांवर कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा.’ खाली संचालकांची सही आणि गोल शिक्का.

मास्तरांचा चेहरा उतरला. “अगं, आता?”

मोटरबाईंनी ती नोटीस दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना त्यांचं बोट एका शब्दावर थांबलं. एकतीस वर्षं आणि दोन महिन्यांत खात्याने जो शब्द त्यांच्यासाठी एकदाही लिहिला नव्हता, तो तिथे शिक्क्यानिशी लिहिलेला होता. माजी पंपचालक. पुढे कंसात पुरुष नाही, मागे तात्पुरत्या नाही.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “छत्री घ्या. ऑफिसात जायचंय.”

हेडक्लार्कने नोटीस पाहिली आणि ते खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले. “हे खात्याचंच पत्र आहे,” ते पुटपुटले. “खात्याचं पत्र खात्याला नाकारता येत नाही.” त्यांनी रजिस्टर उघडलं आणि एकतीस ठिकाणी ‘रिक्त’ शब्दावर आडवी रेघ मारली. नंतर कळलं की नोटिशीचा मसुदाही त्यांनीच लिहिला होता. तो शब्द चुकून पडला की जाणून, हे त्यांनी शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही. त्या दिवशीही ते फक्त खिडकीबाहेर पाहत राहिले.

मुख्याध्यापिकाबाईंना हे कळलं तेव्हा त्या भयंकर खवळल्या. “मलाही नोटीस हवी!” त्यांनी लगेच खात्याला लिहिलं, की उत्तरेकडच्या पाइपलाइनला दाब कमी पडतो तो माझ्या गणितातल्या चुकीमुळे, सबब माझ्यावर कारवाई करावी. खात्याने कळवलं, की सदर आराखड्यात आपले नाव आढळून येत नसल्याने आपणांस जबाबदार धरता येत नाही. तेव्हापासून त्या दर सोमवारी एक कबुलीजबाब पाठवतात. गणितात चूक नव्हतीच, हे त्या खाजगीत सांगतात. चूक कंत्राटदाराने केली. पण काय करणार, एवढ्यासाठी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला नापास केलं आहे.

महिन्याभरात प्रदर्शन वाळलं, रंगवलं गेलं आणि पुन्हा उघडलं. फोटोखाली आता पट्टी नव्हती, पितळेचा पत्रा होता. ‘पंपचालक’ हा शब्द, पुढे मोटरबाईंचं पूर्ण नाव, सेवेची वर्षं आणि महिनेसुद्धा, आणि मग शेवटी : ‘मुख्य अभियंता साहेबांना मोटर समजावून सांगताना.’ जांभळ्या अक्षरांच्या मुलीने तो मजकूर स्वतः, तीनदा विचारून, लिहिला होता. आजी म्हणणंही तिने सोडून दिलं होतं.

मोटरबाई त्या दिवशी चांगले कपडे घालून फोटोशेजारी उभ्या राहिल्या. मुद्दाम नाही, सहज. मास्तर जरा अंतरावर, कोणी विचारलंच तर आपण कोण ते सांगायला तयार होते. बोलण्यासाठी मोटरबाईंनी चार वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. त्यातलं एक जरा मोठंच होतं, आणि त्यात अवकाशयान नव्हतं.

त्यांच्याच वयाची एक बाई आली. हातात कापडी पिशवी, कपाळावर घाम. तिने पत्र्यावरचा मजकूर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला. मग फोटो पाहिला, मग मोटरबाईंना पाहिलं.

“म्हणजे पाणी सोडणाऱ्या त्या तुम्ही?”

“हो,” मोटरबाई म्हणाल्या आणि खांदे सरळ केले.

“एकतीस वर्षं?”

“आणि दोन महिने.”

बाईने पिशवी खाली ठेवली. “अगं बाई गं! एकतीस वर्षं पहाटे साडेचारला उठून मी बादल्या लावल्या. झोप नाही, काही नाही. आणि रोज शिव्या दिल्या, या मेल्या पाणी सोडणाऱ्याला बायको नाही का घरी, तिला विचार म्हणावं पहाटे उठणं काय असतं ते! मला काय माहीत तुम्ही होता!”

मोटरबाईंची ती चारही वाक्यं मनातल्या मनातच राहिली. शिव्यासुद्धा त्यांच्या नव्हत्या. त्याही कुठल्याशा पुरुषाच्याच नावावर जमा झाल्या होत्या. “मीही साडेतीनला उठायची,” एवढंच त्या म्हणाल्या.

“ते हो, ते आलंच,” बाई म्हणाली. तिने इकडेतिकडे पाहिलं, जवळ आली आणि मोटरबाईंच्या दंडाला हात लावून आवाज खाली आणला. “मागच्या महिन्यात एकदा भर दुपारी आलं होतं बघा आमच्या गल्लीत. काय धो धो! ते तुम्हीच ना? मग उद्या एकदा तसंच सोडता का हो? साडेबाराच्या सुमाराला. जास्त नाही, वीस मिनिटं. मला पडदे धुवायचेत.”